दोरी, नाडी, तार: कोपरातून रक्त काढण्याआधी बोटांनी काय शोधावं

टेबलाशी बसा. डावा हात टेबलाखाली घाला, तळवा वर करून टेबलाला खालून टेकवा आणि टेबल उचलायचं असल्यासारखा जोर लावा. आता उजव्या हाताची दोन बोटं डाव्या कोपराच्या पुढच्या खळग्यात ठेवा. मधोमध एक कडक, ताणलेली दोरी लागेल. दंडाच्या बेटकुळीपासून ती खाली येते आणि खळग्यात खोल शिरते. ही बायसेप्स स्नायूची कंडरा, त्याला हाडाशी बांधणारी. शिकवताना मी तिला नुसतं 'दोरी' म्हणते.

जोर सोडा. हात सरळ करून टेबलावर उताणा ठेवा. दोरीच्या कडेवरून बोट करंगळीच्या बाजूला अगदी थोडं, अर्ध्या बोटाइतकं सरकवा आणि जरा दाबून धरा. ठोके लागतील. ही दंडातून खाली येणारी धमनी, ब्रेकियल आर्टरी. बीपी बघताना डॉक्टर स्टेथोस्कोप टेकवतात ती हीच जागा. ही 'नाडी'. तिच्या पलीकडे, करंगळीच्याच बाजूला, बोटाला न जाणवणारी तिसरी गोष्ट आहे: मीडियन नर्व्ह, म्हणजे एक मज्जातंतू. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या तळव्याकडच्या बाजूची जाणीव हिच्यातून जाते, अंगठ्याची पकडही बरीचशी हिच्यावर चालते. ही 'तार'.

अंगठ्याकडून करंगळीकडे जाताना क्रम कायम हाच: दोरी, नाडी, तार. डाव्या हातात आणि उजव्या हातात दिशा आरशासारखी उलटते, म्हणून 'डावीकडे-उजवीकडे' असं कधी पाठ करू नका. अंगठा कुठे आणि करंगळी कुठे, एवढंच बघा.

मी 1999 पासून नाशिकमध्ये रक्त काढते आहे. डीएमएलटी हा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झाल्यावर आधी लॅबमध्ये, नंतर पंचवटी, मखमलाबाद, म्हसरूळ या भागात घरोघर जाऊन. गेली काही वर्षं नव्या मुलामुलींना हाताखाली घेते. त्यांना सिरिंज धरता येते, ट्यूबचे रंग पाठ असतात. पण "सुईच्या टोकाखाली काय आहे?" असं विचारलं की बहुतेक जण "नस" म्हणतात. माझ्याकडे हा शब्द चालत नाही. आपल्याकडे शिरेलाही नस म्हणतात, मज्जातंतूलाही नस म्हणतात, मान आखडली तरी 'नस चढली' म्हणतात. पेशंटने म्हणावं, त्याला अडवू नये. पण ज्याच्या हातात सुई आहे त्याच्या डोक्यात या सगळ्याला एकच शब्द असेल, तर हातही त्यांच्यात फरक करत नाही. शीर वेगळी, धमनी वेगळी, मज्जातंतू वेगळा, कंडरा वेगळी. चार शब्द चार ठिकाणी ठेवा.

पुढचं सगळं शिकणाऱ्यांसाठी आहे, आणि शिकणं म्हणजे अनुभवी माणूस शेजारी उभा असताना. वाचून घरी कुणी सुई हातात घेऊ नये.

कोपराचा खळगा त्रिकोणी असतो. कोपराच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची टोकं लागतात, त्यांना जोडणारी रेघ म्हणजे त्रिकोणाची वरची बाजू. अंगठ्याकडची बाजू ब्रेकिओरेडिआलिस या स्नायूची, करंगळीकडची प्रोनेटर टेरीस या स्नायूची. दोन्ही खाली एकत्र येतात तिथे त्रिकोणाचं टोक. दोरी, नाडी आणि तार या त्रिकोणाच्या आत, खोलात असतात. रेडिअल नर्व्ह नावाचा आणखी एक मज्जातंतू अंगठ्याकडच्या स्नायूखाली लपलेला असतो. तो इतका खोल असतो की नीट काम करणाऱ्याची सुई तिथवर जात नाही.

आपल्याला हवी असलेली शीर मात्र वरच्या मजल्यावर असते. कातडी, तिच्याखाली चरबीचा थर, आणि त्या थरातच शिरा. शिरेखाली काय येतं, हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. दोरीपासून एक पातळ, चिवट पडदा निघतो आणि करंगळीच्या बाजूला पसरत हाताच्या स्नायूंवर जातो. त्याचं शास्त्रीय नाव बायसिपिटल अपोन्युरोसिस. मला तो दोरीने अंगावर घेतलेल्या पदरासारखा वाटतो, म्हणून मी 'पदर'च म्हणते. टेबल उचलायची कृती पुन्हा करा आणि दोरीच्या करंगळीकडच्या बाजूला बोट फिरवा. पदराची धारदार कड हाताला लागेल. नाडी आणि तार या पदराखाली, आणि मधली शीर पदरावर. जुन्या युरोपात न्हावी लोक कोपरातून रक्त काढायचे तेव्हा सुरीचं पातं खाली धमनीपर्यंत जाण्याआधी हा पदर अडवायचा, म्हणून त्याला 'देवाची कृपा' असं नाव पडलं होतं. पण सुईला पदर अडवू शकत नाही. तो पातळ आहे आणि आपली सुई टोकदार. पदर तुम्हाला थोडी जागा देतो, इतकंच समजा.

आपल्याकडेही विचार उलट्या बाजूनेच सुरू झाला होता, आणि मला तो फार पटतो. सुश्रुतांनी शिरा 700 मोजल्या आणि शिरावेधाबद्दल, म्हणजे शीर टोचून रक्त काढण्याबद्दल, सांगताना त्यातल्या 98 शिरांना शस्त्र लावू नये असं म्हटलं. त्यांची मोजणी आणि आजचं शरीरशास्त्र जुळत नाही, ते जुळवायचा हट्टही नको. पण कुठे टोचायचं याच्याइतकंच कुठे टोचायचं नाही हे त्यांनी मोजून सांगितलं. कोपराला ते कूर्पर म्हणतात आणि मर्मांमध्ये धरतात. आपला 'कोपर' हा शब्द तिथलाच.

आता शिरा. वरच्या थरात तीन महत्त्वाच्या. अंगठ्याच्या बाजूने वर जाते ती सेफॅलिक. करंगळीच्या बाजूने जाते ती बॅसिलिक. दोघींना खळग्यातून तिरकी जोडते ती मीडियन क्युबिटल, म्हणजे आपली मधली शीर. ती अंगठ्याच्या बाजूने खालून निघते आणि करंगळीच्या बाजूला वर चढते. बऱ्याच हातांत या तिघींची आकृती इंग्रजी एच अक्षरासारखी दिसते. काही हातांत एमसारखी: पुढच्या हाताच्या (कोपर ते मनगट) मधून एक शीर वर येते आणि खळग्यात तिला दोन फाटे फुटतात, एक अंगठ्याकडे, एक करंगळीकडे. आणि काही हात यातल्या कशातच बसत नाहीत. पेशंट मागच्या वेळची जागा दाखवतो. तीही ऐकून घ्यावी, बऱ्याचदा त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पहिली निवड मधली शीर. ती जाड असते, वर असते, आणि एक छोटी शीर तिला खालच्या खोल शिरांशी जोडून ठेवते, त्यामुळे ती सहसा सुईखालून निसटत नाही. पण तिरकी असल्यामुळे तिच्या वरच्या टोकाला गेलात की तुम्ही नकळत करंगळीच्या बाजूला, नाडी आणि तारेच्या डोक्यावर आलेले असता. म्हणून खळग्याच्या मध्यात टोचा, वरच्या टोकाला नाही. दुसरी निवड सेफॅलिक, किंवा एमच्या आकृतीत अंगठ्याकडचा फाटा. लठ्ठ माणसात मधली शीर चरबीत बुडालेली असते तेव्हा सेफॅलिक पुष्कळदा उपयोगी पडते. तिच्याजवळून, दोरीच्या बाहेरच्या कडेने, पुढच्या हाताच्या कातडीला जाणीव देणारा एक मज्जातंतू वर येतो, म्हणून तिथे सुई उथळच ठेवायची. बॅसिलिक सगळ्यात शेवटी. इतकी शेवटी, की माझ्या हाताखालच्या मुलींना मी पहिलं वर्षभर ती घेऊच देत नाही.

गंमत अशी, की बॅसिलिक दिसायला छान दिसते. मधली आणि अंगठ्याकडची लपलेली असते तेव्हा ही करंगळीच्या बाजूला टम्म फुगून दिसते आणि नवा माणूस थेट तिच्याकडे जातो. ती हलकी बांधलेली असते, सुई लागली की बाजूला घरंगळते. ती घरंगळली की आपण सुई पुढे सारतो. पुढे नाडी आणि तार. शिवाय तिच्या अंगाला लागूनच पुढच्या हाताच्या आतल्या बाजूच्या कातडीचा मज्जातंतू जातो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, सकाळच्या गर्दीत, एक शिंपीकाका माझ्यापुढे बसले. मधली शीर मला लागली नाही. खरं सांगायचं तर मी ती नीट शोधलीच नाही. बॅसिलिक दिसत होती आणि मागे रांग होती. सुई गेली आणि काकांनी "आई गं, करंट लागला!" म्हणून हात झटकला. रक्त येत होतं. मी त्यांना म्हटलं, "झालंच काका, दोन मिनिटं थांबा," आणि ट्यूब भरेपर्यंत सुई तशीच ठेवली. पुढचे जवळजवळ दोन महिने त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला मुंग्या येत होत्या आणि नुसता स्पर्श झाला तरी आग व्हायची. शिंप्याचा तो भाग दिवसभर मशीनच्या फळीला घासतो. ते हाताखाली कापडाची घडी ठेवून शिवायचे. मी दर आठवड्याला दुकानात जाऊन विचारत होते. पुढे बरं झालं, पण "थांबा" म्हणण्याचा तो क्षण मला अजून लख्ख आठवतो. त्या वेळी मी काढलेलं रक्त पुन्हाही काढता आलं असतं.

म्हणून सुई आत असताना पेशंट "करंट", "झिणझिण्या", "बोटापर्यंत कळ गेली" असं काहीही म्हणाला, तर रक्त कितीही छान येत असो: दंडाला बांधलेला पट्टा सोडा, सुई काढा, दाबा. दुसऱ्या हातातून घ्या. काय झालं ते रजिस्टरमध्ये लिहा, डॉक्टरांना सांगा. बहुतेकांना काही दिवसांत किंवा आठवड्यांत आराम पडतो; दुखणं वाढत गेलं, बोटांची ताकद कमी वाटली तर त्यांना डॉक्टरांकडे पाठवणं ही आपलीच जबाबदारी.

शीर शोधण्याकडे येऊ. माझा नियम: आधी पट्टा न बांधता नाडी शोधायची. पट्टा घट्ट बसला की ठोके मंद होऊ शकतात आणि मग धमनी ओळखू येत नाही. थोड्या माणसांत धमनी पदराच्या वरून, अगदी कातडीखालून जाते. तुम्ही जिला शीर समजताय ती ठोके देत नाही ना, हे पाहिल्याशिवाय टोचायचं नाही. नाडीची जागा मनात पक्की झाली की पट्टा.

पट्टा कोपराच्या घडीच्या वर चार बोटं, म्हणजे साधारण 7.5 ते 10 सेंटीमीटर. म्हाताऱ्या माणसाला बाहीवरून बांधा, कातडी चिमटत नाही. एका मिनिटाच्या आत सोडायचा. जास्त वेळ राहिला तर शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, उरलेलं रक्त दाट होतं आणि प्रोटीन, कॅल्शियमसारखे आकडे खोटे वर जातात. शोधण्यातच मिनिट गेलं तर सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बांधा. मूठ मिटायला सांगा, पण उघड-मीट करायला लावू नका. त्याने पोटॅशियम वाढून येतं आणि डॉक्टर एखाद्या धडधाकट माणसाची काळजी करत बसतात.

आता डोळे विसरा. निळी रेघ दिसणं म्हणजे चांगली शीर मिळणं नव्हे. कातडीला लागून दिसणाऱ्या बारीक निळ्या रेघा बऱ्याचदा फसव्या असतात, आणि उत्तम मधली शीर पुष्कळदा दिसतच नाही, फक्त लागते. तर्जनीच्या टोकाने दाबा आणि सोडा. शीर पिकलेल्या द्राक्षाच्या मण्यासारखी लागते: दबते आणि लगेच परत वर येते. दोरी दबत नाही. नाडी ठोके देते. आत रक्त साकळून निकामी झालेली शीर वाळलेल्या काडीसारखी कडक लागते, ती सोडून द्या. बोट शिरेवरून वर-खाली फिरवून ती कुठल्या दिशेने जाते ते पक्कं करा, कारण सुई त्याच दिशेने जायला हवी. वाटेत मध्येच गाठीसारखा उंचवटा लागला तर ती झडप असू शकते. तिच्या तोंडावर टोचू नका, थोडं खाली घ्या. या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरांनी 1628 मध्ये असाच हात बांधून, बोटाने शीर रिकामी करून दाखवलं होतं. तुम्हीही स्वतःच्या हातावर करून बघा: शिरेवर एक बोट दाबून धरा, दुसऱ्या बोटाने त्याच्यापासून खांद्याच्या दिशेने रक्त पुढे ढकला आणि ते दुसरं बोट उचला. वरचं रक्त झडपेच्या खाली परत येत नाही. पहिलं बोट उचललं की शीर झटकन भरते.

बोटाने शोधायची सवय मला पेठ-सुरगाण्याकडच्या आज्यांनी लावली. सिकलसेल तपासणीच्या शिबिरांना जायचे तेव्हा एकेकीच्या हातावर कोपरापर्यंत हिरवंगार गोंदण. डोळ्यांना शीर दिसायचा प्रश्नच नाही. त्यात दिवसभर भातखाचरात आणि नंतर दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत राबलेले हात, कातडी जाड. पण शिरा काय सुरेख! एका आजीने मला विचारलं होतं, "डोळे मिटून काय करतीस, बाई?" मी म्हटलं, "आजी, बोटांनी बघते." शक्यतो गोंदण नसलेल्या जागी टोचावं, तशी जागाच नसेल तर बोटाचं ऐकावं.

नाशिकच्या थंडीबद्दलही सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत उपाशीपोटी तपासणीसाठी पहाटे साडेसहाला मखमलाबादच्या एखाद्या मळ्यात गेलात, तर हात बर्फासारखे असतात आणि शिरा आत दडून बसतात. अशा वेळी लगेच सुई हातात घ्यायची नाही. घरातलं कोमट पाणी मागा, नॅपकिन भिजवून पिळा आणि 3 ते 5 मिनिटं कोपरावर ठेवा. कोमटच, चटका बसेल इतका गरम नको. हात खाली लोंबकळत ठेवायला सांगा. उपाशी म्हणजे पाणीही बंद, असा बऱ्याच जणांचा समज असतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर साधं पाणी प्यायला हरकत नसते, आणि रात्रीपासून पाणी न प्यालेल्या माणसाची शीर शोधणं दोघांनाही त्रासाचं. शिरेवर चापट्या मारू नका, फटके तर नाहीच.

काही हातांना हात लावायच्या आधीच नाही म्हणायचं असतं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्या बाजूचा हात नको. सलाइन चालू असलेला हात नको. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला, म्हणजे ऑपरेशनने धमनी शिरेला जोडलेली आहे असा हात तर कधीच नाही. त्या शिरेवर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते, एकदा लागली की विसरत नाही. ज्यांची किडनी अधू आहे पण डायलिसिस अजून सुरू नाही, त्यांच्या कोपरातल्या आणि पुढच्या हातातल्या शिरा पुढे फिस्टुलासाठी लागणार असतात. त्यांचं रक्त तळहाताच्या मागच्या शिरांतून घ्यावं. हे पेशंट स्वतः सांगत नाहीत, त्यांना ठाऊकच नसतं. आपण विचारायचं. आणि कोपरात काहीच मिळालं नाही म्हणून मनगटाच्या आतल्या बाजूला कधी जाऊ नका. तिथे तार आणि नाडी दोन्ही कातडीला चिकटून आहेत. अंगठ्याच्या मुळापाशी मनगटावर दिसणारी शीरही टाळा, तिच्यावरून एक मज्जातंतू जातो.

टोचणं या सगळ्यात सगळ्यात छोटं काम. हातमोजे. पेशंटला त्याचं नाव विचारायचं, आपण नाव घेऊन "हो ना?" म्हणायचं नाही, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने जागा पुसा, मग 30 सेकंद वाळू द्या. फुंकर मारू नका. वाळल्यावर त्या जागी पुन्हा बोट लावू नका. मोठ्या माणसाला 21 गेजची सुई, लहान मुलांना आणि बारीक शिरांना 23 गेजची बटरफ्लाय, म्हणजे पंखांची सुई. आकडा वाढतो तशी सुई बारीक होते.

कोपर पूर्ण सरळ हवं. खाली उशी किंवा घडी केलेला टॉवेल द्या. हात सरळ असला की मधली शीर ताणलेली राहते. टोचायच्या जागेच्या दोन-तीन बोटं खाली अंगठा ठेवून कातडी मनगटाकडे ओढून धरा. वर एक बोट आणि खाली अंगठा अशी कातडी ताणायची सवय काहींना असते. ती सोडा, पेशंटने हात हलवला तर वरच्या बोटात सुई जाते. सुईचं तिरकं तोंड वर, कोन 15 ते 30 अंश, त्याहून उभी नाही. सुई उभी केली की ती शीर ओलांडून खालच्या मजल्यावर जाते. शिरेत शिरताना हाताला हलकी सैल झाल्यासारखी जाणीव होते. तिथेच थांबा.

रक्त आलं नाही तर? शिरेच्याच रेषेत किंचित मागे घ्या किंवा किंचित पुढे सारा. बस. सुई आत ठेवून डावी-उजवीकडे फिरवून शोधणं, ज्याला आमच्याकडे 'खोदणं' म्हणतात, ते कधीही करायचं नाही. आडवी फिरणारी सुई म्हणजे आत फिरणारी सुरी. शिंपीकाकांसारख्या इजा जास्त करून याच खोदण्यातून होतात. सुई काढा, नवीन सुई घ्या, दुसरी जागा बघा. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा प्रयत्न दुसऱ्या माणसाने करायचा. इतकी वर्षं झाल्यावरही मी फोन करून सहकाऱ्याला बोलावते. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

रक्त भडक लाल आलं, उसळ्या मारत आलं, सिरिंजचा दट्ट्या आपोआप मागे सरकू लागला, तर नाडीत गेलात. लगेच पट्टा सोडून सुई काढा, हात उंच धरा आणि तुमच्याच बोटांनी किमान 5 मिनिटं न सोडता दाबा. हे काम पेशंटवर सोपवू नका. थांबल्यावर मनगटाची नाडी तपासा, बोटं गार पडली नाहीत ना ते बघा आणि डॉक्टरांना कळवा. सुई आत असतानाच कातडी फुगायला लागली तरीही सुई काढायची. साचलेलं रक्त खाली तारेवर दाब देतं.

ट्यूबचा क्रम, टोपणाच्या रंगाने, थोडक्यात: निळी, मग लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. जांभळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं, म्हणून ती मागे. निळी खुणेपर्यंत पूर्ण भरा. ट्यूब उलट-सुलट करायची, घुसळायची नाही. सिरिंजने घेत असाल तर दट्ट्या हळू ओढा. जोराने ओढला की शीर आतल्या आत चिकटते आणि रक्तपेशी फुटतात.

पहिल्या ट्यूबमध्ये रक्त सुरू झालं की पट्टा सोडायचा. पट्टा सुटल्यानंतरच सुई बाहेर. कापूस ठेवून दाबायचं ते हात सरळ ठेवून. कोपर मुडपून बसायची सवय आपल्याकडे घराघरात आहे, "ताई, असंच करतात ना?" म्हणत लोक हात दुमडतात. दुमडला की शिरेवरचा दाब नीट बसत नाही आणि आत रक्त साकळतं, दुसऱ्या दिवशी अख्खा खळगा काळानिळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना 5 मिनिटं किंवा जास्त दाबा. गोळ्या चालू आहेत का, हे आधीच विचारून ठेवा.

याआधी रक्त देताना चक्कर आली होती का, हाही प्रश्न आधीच. हो म्हणाले तर खाटेवर झोपवूनच घ्या. घाम, पांढरा पडलेला चेहरा, जांभई दिसली की सुई काढून पाय उंच. स्टुलावर बसवून कुणाचं रक्त घेऊ नका, एकदा माणूस खाली पडला की आपल्याला सावरता येत नाही.

सुईला पुन्हा टोपण लावू नका. सरकारच्या 2016 च्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात. घरी जाणाऱ्यांनीही असा छोटा डबा बॅगेत ठेवायचा आणि लॅबला परत आणायचा. लोकांच्या कचऱ्याच्या बादलीत सुई टाकली तर सकाळी घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात ती जाते. स्वतःला टोचलीच तर जखम पिळू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांच्या आत, डॉक्टरांना गाठा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं लवकर सुरू झाली तरच उपयोगी. 72 तासांनंतर त्यांचा फायदा धरत नाहीत. हिपॅटायटिस बीचे तीन डोस तर पहिली सुई हातात घ्यायच्या आधीच पूर्ण हवेत.

ट्यूबवर नाव पेशंटसमोरच लिहा, रक्त घेतल्यानंतर, त्याला दाखवून. मग कापूस उचला आणि टोचलेल्या जागेकडे दहा सेकंद बघत राहा. कातडीवर थेंब आला नाही, आणि खाली फुगवटाही येत नाही, असं दिसलं की पट्टी लावा. बोटं हलवून दाखवायला सांगा, मुंग्या येत नाहीत ना ते विचारा. "नाही" म्हणाले की बॅग उचला.